पेटीतला फूत्कार

खिंडीतल्या पक्षी-केंद्रावर कुल्याश वीस वर्षं स्वयंपाक करत होती. त्या वसंतात माणसं कमी पडली, म्हणून केंद्र चालवणाऱ्या तेमिरबोलातने तिला पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायला शिकवलं.

पक्षी पकडायच्या मोठ्या जाळ्याच्या टोकाला असलेल्या अंधाऱ्या पेटीत तिने कोपरापर्यंत हात घातला, तोच आतून फूत्कार आला. बोटांखाली काहीतरी वळवळलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. गेल्याच वर्षी साप चावून तिच्या दिराची दोन बोटं गेली होती.

"तेमिर, साप!" तिने हाक मारली.

"हात हलवू नका, आपा!" तो धावत आला आणि गुडघ्यांवर बसून फटीतून बघू लागला.

"दिसतंय का काही? बोल ना, मेल्या!"

पुन्हा फूत्कार आला. तिने डोळे गच्च मिटले.

"आपा, याला पिसं आहेत. मानमोडी पक्षी आहे हा. घाबरला की मान पिळून सापासारखा फुसफुसतो."

कुल्याशने मूठ हलकेच मिटून हात बाहेर काढला. इवलासा तपकिरी पक्षी मान गरागरा फिरवत होता, त्याचं काळीज तिच्या बोटांवर धडधडत होतं.

"हसलास तर बघ," ती तेमिरला म्हणाली.

तिच्या हातातून कडी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. पक्षी उडून गेला, तरी पेटीकडे पाठ करायला ती बराच वेळ धजावली नाही.