टेबलावरची वस्ती

मित्रांनो, मी एक जुनी वस्ती आहे, पण माझ्यात कुणी राहत नाही. मी जेमतेम जेवणाच्या टेबलाएवढी. माझी घरं खोक्यांच्या पुठ्ठ्याची, झाडं भांडी घासायच्या स्पंजाची. खऱ्या वस्तीतल्या माणसांनी मला आपल्या हातांनी घडवलं, याचा मला फार अभिमान होता.

झालं असं, की वस्तीच्या टोकाला, उंचवट्यावर, सगळ्यांसाठी वाचनालय बांधायचं ठरलं. ते कसं असावं हे वस्तीनेच आजूबाजूच्या घरांसकट नमुना करून दाखवावं, असं बांधकाम कचेरीने कळवलं. मग काय, सुतारमामांनी फळी दिली आणि म्हातारेकोतारे, बायका-पोरं सगळी माझ्याभोवती गोळा झाली. प्रत्येकाला आपलंच घर मोठं हवं होतं. एका आजोबांनी तर स्वतःच्या घरावर हळूच आणखी एक मजला चढवला. त्यांच्या सूनबाईंनी तो सर्वांदेखत उतरवला.

भांडणं नकोत म्हणून मामांनी नियमच घातला. "काही चिकटवायचं नाही. ज्याला पटत नसेल त्याने उचलून दुसरीकडे ठेवावं." त्यामुळे माझं सगळं अंग सुटं राहिलं. तेव्हा मला ते आवडायचं.

शिवणकाम करणाऱ्या काकू चाकांच्या खुर्चीतून यायच्या. त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि वाचनालयाच्या दारापासून रस्त्यापर्यंत तिरपी टेकवली.

"हा उतार. मला कुणी उचलून न्यायला नको," त्या म्हणाल्या. "माझी मी जाईन."

ती पट्टी कुणीही हलवली नाही.

मग मला टेम्पोत घालून कचेरीत पाठवलं. सोबत कुणी आलं नाही. सगळं ठरलंय, आता जाऊन काय करायचं, असं त्यांना वाटलं. वाटेतल्या खड्ड्यांनी माझी घरं एकमेकांवर जाऊन आदळली. कचेरीतला कारकून मनाने चांगला. त्याने बिचाऱ्याने मला पुन्हा नीट मांडलं आणि सगळं डिंकाने पक्कं केलं. काकूंची पट्टी त्याने दारावर छज्जा म्हणून लावली. "छान दिसतंय," तो म्हणाला. मी आतल्या आत रडले. दुसरं काय करणार होते?

माझ्यावरून आराखडा निघाला, आराखड्यावरून इमारत. बांधकामाभोवती पत्रे होते, त्यामुळे उद्घाटनापर्यंत कुणाला काही दिसलं नाही. मला आत खिडकीशी मांडलं होतं. काकू नवे कपडे घालून आल्या आणि पहिल्या पायरीशी थांबल्या.

"चला काकू, आम्ही उचलतो," चौघेजण पुढे होऊन म्हणाले.

"नको रे. तुम्ही या बघून."

मला पाहून मामांचा चेहरा पडला. ते नखाने छज्जा सोडवू लागले, तर पुठ्ठाच फाटला.

"निदान एकाने तरी सोबत जायला हवं होतं," सूनबाई म्हणाल्या.

मंडळी कचेरीत जाऊन भांडली. नमुन्यात उतार नव्हताच, असं उत्तर मिळालं.

आता मी काचेखाली आहे. लोकांनी स्वतः ठरवलेली वस्ती म्हणून पाहुणे माझं कौतुक करतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मित्रांनो, तुम्ही मिळून काही ठरवलंत, तर ते उभं राहीपर्यंत त्याची पाठ सोडू नका. इथली माणसं काही वाईट नाहीत. काकूंना कुणी ना कुणी पुस्तक खाली नेऊन देतं. त्या हसून घेतात आणि दर वेळी दुसऱ्यानेच निवडलेलं पुस्तक मांडीवर ठेवून घरी जातात.