बाबांच्या खोलीतला कॅमेरा

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसती ऐक. एलझादा, माझी बिश्केकच्या हॉस्टेलातली रूममेट. तिचे बाबा नारिनला एकटेच राहायचे, म्हणून तिनं त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवला. आधी आधी बाबा त्यावर टॉवेल टाकायचे. "तुझ्या आईनंसुद्धा असा पहारा ठेवला नव्हता गं माझ्यावर!" मग झाली सवय. रोज सकाळी ही इथून ओरडणार, "बाबा, गोळी!" आणि ते तिथून गोळी गिळून कॅमेऱ्याला जीभ दाखवणार. नेट गेलं की तेच फोन करायचे, "आज कुणी बघत नाहीये का मला?"

तर परवा तिच्या मुकाशकाकांचा फोन आला. मला! "पोरी, दादा पहाटे गेला. तिला काही बोलू नकोस. आम्ही गाडीनं निघालोय. आणि तिचा फोन लपव, कुणीतरी गाढव मेसेज टाकेल."

आता तुला माहितीये, मरणाची बातमी आपण किरगीझ लोक फोनवर देत नाही, थोरल्यांनी जवळ बसून सांगायची. पण कॅमेऱ्याचं काकांना सुचलंच नाही. मलाही नाही, शप्पथ! तो घरचाच झाला होता गं.

फोन मी गादीखाली सरकवला. ही आंघोळ करून आली, मनगटावर घड्याळ बांधलं, ते फोनला जोडलेलं, आणि लगेच थरथरलं. 'घरात अनोळखी माणसं.'

"अगं, चोर! बाबा एकटे आहेत! माझा फोन कुठंय?"

"शेजारी आले असतील गं चहाला."

"शेजाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्याला पाठ आहेत! वेडी आहेस का? पोलिसांना कळवायला हवं!"

पांढरीफटक पडली. तशीच अनवाणी दाराकडे धावली. मला ते बघवेना. काढला फोन, दिला हातात.

फोनवर बाबांची खोली दिसली, गालिचा गुंडाळलेला. बायका पाठमोऱ्या बसलेल्या. खिडकीबाहेर अंगणात माणसं मयत ठेवायचा तंबू उभारत होती. बोलायच्या बटणावर तिचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं.

बोट काढून घेत म्हणाली, "काका निघालेत ना?"

मी मान डोलावली.

"मग मला कळलंय म्हणून सांगू नकोस त्यांना. एवढ्या लांबून येतायत. त्यांच्या तोंडून ऐकेन मी."

मग उठली, पाव आणला, चहाचे पेले मांडले. रडली नाही.

दुपारी काका आले, बरोबर दोन म्हातारे. काका तिला अगदी चिकटून बसले, आडून आडून बोलायला लागले, "पोरी, शिखरावरचा बर्फसुद्धा कधीतरी खाली उतरतोच..." आणि हिनं असा हंबरडा फोडला की अख्खा मजला गोळा झाला.

जाताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास पोरी. तू रीत राखलीस."

मला वर बघवेना. सकाळपासून दुपारपर्यंत ती माझ्यासमोर कोरड्या डोळ्यांनी बसली होती गं, आणि मी तिला साधं जवळसुद्धा घेतलं नाही, कारण काका येईपर्यंत आम्हा दोघींना काही माहीतच नाही असं धरायचं होतं ना!

सांग ना, तू असतीस तर दिला असतास फोन?