शालूआक्कांचा फोटो

“ब्रँडला हात लावायचा न्हाय. बाकी सगळं बदल,” नागूअण्णा पुन्हा म्हणाला आणि मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

खानावळीची जुनी साइट बघण्यासारखीच होती. लाल अक्षरं लुकलुकायची, ताटाचा फोटो कुठल्यातरी पंजाबी हॉटेलातला होता आणि फोन नंबर फक्त निपाणीचा. सदलगा, मच्छे, शहापूर या शाखांचा पत्ताच नाही. माझी नववीची परीक्षा संपली होती, शाळेची साइट आमच्या गटानं केली होती आणि तिचं कौतुक अजून अंगात होतं. सुट्टीला निपाणीत आल्या आल्या मीच नागूअण्णाला सांगून टाकलं, की तुमची साइट मी करते. त्यानं विचारायची वाट बघत बसले असते तर माझं कॉलेजही संपलं असतं.

ब्रँड म्हणजे माझी आत्या. गावासाठी शालूआक्का. नागूअण्णा तिचा मुलगा. तंबाखूच्या बाजाराला येणाऱ्या लोकांना तिनं घराच्या पुढच्या खोलीत जेवायला घालायला सुरुवात केली, आणि वाढता वाढता चार खानावळी झाल्या. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नागूअण्णानं तिचं खानावळीत जाणं बंद केलं. प्रेमापोटीच. घरात मोठा टीव्ही आणला, कामाला बाई ठेवली. डॉक्टरांनी हिंडाफिरायला केव्हाच परवानगी दिली होती. नागूअण्णानं दिली नव्हती. आत्या मात्र रोज दुपार व्हायच्या आत चांगलं लुगडं नेसून सोफ्यावर बसायची आणि विचारायची, “आज मी जाऊ काय रं?”

“बरं वाटू दे की आधी,” तो म्हणायचा आणि गाडी काढायचा.

साइटच्या पहिल्या पानावर आत्याच हवी, यावर आमचं एकमत होतं. शहापूरच्या शाखेच्या उद्घाटनाला तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, तो फोटो आम्ही निवडला. नागूअण्णाला जुना लूक हवा होता, म्हणून मी तो काळा-पांढरा केला. आजूबाजूची माणसं कापून टाकली. खानावळीला चाळीस वर्षं झाली म्हणून खाली ‘१९८५ – २०२५’ घातलं. त्याखाली नागूअण्णाची स्वतःची ओळ: ‘आईच्या हातची चव, कायम आठवणीत’. मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन बटणं. काय देखणी दिसत होती साइट! आम्हाला काहीच खटकलं नाही, कारण आत्या पलीकडच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती.

संध्याकाळी नागूअण्णानं लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली.

सकाळी आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात सदलग्याचे आण्णाप्पा दारात उभे. पहिल्या पंगतीपासूनचं आत्याचं गिऱ्हाईक. एका हातात काढलेली टोपी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. आत आले, नागूअण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडायला लागले.

नागूअण्णाला वाटलं, त्यांच्याच घरात काही झालंय. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला, मालुबाई बऱ्या आहेत ना असं हळूच विचारलं. मालुबाई म्हणजे आण्णाप्पांची बायको. ते मान हलवत होते आणि आणखीच रडत होते. दोघं एकमेकांचं सांत्वन करत होते आणि मला कळेना, कुणाला पाणी द्यावं.

आतून काठी टेकत आत्या आली. “कोण रडालंय गं केतकी?”

आण्णाप्पांनी वर बघितलं. तोंड उघडंच राहिलं.

“आक्का, तू हाईस?”

“मग कोण दिसालंय तुला?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्या छोट्याशा स्क्रीनवर मला एकदम तेच दिसलं, जे त्यांना दिसलं होतं. हार. दोन वर्षं आणि मधली रेघ. कायम आठवणीत. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी लॅपटॉपसकट आत जावं.

आत्यानं चष्मा लावून फोटो निरखून बघितला. आम्ही दोघं बोलणी खायच्या तयारीनं उभे.

“फोटोत काय चुकलंय?” ती शांतपणे म्हणाली. “वरीस झालं, मी भिंतीवरच हाय न्हवं.”

नागूअण्णानं मान खाली घातली.

आण्णाप्पा डबा खुर्चीमागे सरकवत होते. आत्यानं तो ओढून घेतला. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. दुसऱ्यांनी डबा आणायचा असतो. मालुबाईंनी पहाटे उठून झुणका-भाकरी केली होती आणि आण्णाप्पा पहिल्या बसनं निघाले होते.

“आई, ते सुतकाचं, खायचं नसतंय,” नागूअण्णा पुटपुटला.

“मी मेलो न्हाय. मग मला चालतंय.”

ती टेबलाशी बसली. मी ताट घेतलं, वाढलं. गावोगावच्या लोकांना जेवू घालणाऱ्या माझ्या आत्यासाठी कुणीतरी एवढ्या लांबून डबा आणलेला मी पहिल्यांदाच बघत होते. ती सावकाश जेवली. भाकरीचा शेवटचा तुकडा ताटभर फिरवून तोंडात टाकला आणि आण्णाप्पांना म्हणाली, “मालुबाईला सांग, झुणका झकास झालाय. खरंच जाईन तवा बी असाच कर म्हणावं.”

आण्णाप्पा हसले आणि परत रडले.

तोवर नागूअण्णाचा फोन सारखा वाजत होता. तो एकेकाला सांगत होता, “न्हाय हो, हाय आई. जेवालीय बघा.” मी फोटोत रंग परत आणले, वर्षं पुसली, ती ओळ काढली. ओळीच्या जागी काय लिहू, असं मी त्याला विचारलं. आत्या हात धुऊन आली आणि पदर खोचून उभी राहिली. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

“निपाणीच्या शाखेपुढं लिही,” नागूअण्णा म्हणाला, “दुपारी वाढायला आक्का असत्यात.” आणि त्यानं तिच्या चपला दारात नीट लावून ठेवल्या.

दुपारी खानावळ भरलेली होती. आत्यानं आमटीची बादली उचलली, दोन पावलं चालली आणि थांबली. मनगट लटपटत होतं. तिनं बादली बाकावर टेकवली. जेवणारे सगळे आपापल्या ताटात बघायला लागले.

गल्ल्यावरून नागूअण्णा उठला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, बादली उचलली आणि तिच्यामागे अर्ध्या पावलावर उभा राहिला. आत्यानं वळून न बघता पळी बुडवली.

पहिल्या टेबलावरच्या माणसानं ‘बास’ म्हणत ताटावर हात आडवा धरला. आत्या पळी घेऊन तशीच थांबली. बादली धरून नागूअण्णाही थांबला, तो हात बाजूला होईपर्यंत.