कालचं तिखलं

मालवणजवळ आचऱ्याला आमच्या माडांच्या बागेत जितेंद्रने चार खोल्यांचा होमस्टे काढला, तेव्हा त्याने माझ्याकडून एकच वचन घेतलं, की स्वयंपाकघर काकीनेच सांभाळायचं. जितेंद्र माझ्या दिराचा मुलगा. आईबाप मुंबईला नोकरीत, त्यामुळे सहा वर्षांचा असल्यापासून माझ्या हातचं खाऊन वाढलेला. मला मूल नाही, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. माझा सगळा जीव त्या चुलीत. कुणी पाहुण्याने तुळसाकाकी म्हणून हाक मारली की साठीतही माझ्या अंगात वारं शिरायचं.

नोव्हेंबरात पुण्याची सृष्टी नावाची मुलगी तीन दिवसांसाठी उतरली. एकटीच. तिला सगळ्याची चौकशी. बाथरूमचं पाणी तापायला किती वेळ लागतो, समुद्राची वाट कोण दाखवतं, बाजारातून मासे कोण आणतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्याशी बसून म्हणाली की आई जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून असं घरचं जेवलेच नाही. मी मुळातच अशी, कुणी आईचं नाव काढलं की पाघळते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाहुण्यांचे घावने दिले नाहीत. बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचं तिखट, दाट कालवण, खरं लागतं ते दुसऱ्या दिवशी. मातीच्या भांड्यात रात्रभर मुरलेलं, सकाळी मंद आचेवर आटवलेलं, सोबत गरम पेज. पण आमच्यात ते पाहुण्याच्या पानात कधी वाढत नाहीत. पाहुण्याला ताजं, कालचं घरच्याला. मी ते भांडं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "खा गो, आता तू घरची." तिने दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली. निघताना पायाही पडली.

पंधरा दिवसांनी जितेंद्र चार पानी अहवाल घेऊन आला, तेव्हा कळलं की बाई पाहुणी नव्हतीच. गिऱ्हाईक होऊन राहायचं, सगळं तपासायचं आणि मालकाला लिहून द्यायचं, हा तिचा धंदा. आपल्याकडे माणसं एकदा येतात ती परत का येत नाहीत, हे जितेंद्रला तिऱ्हाइताकडून ऐकायचं होतं. मला आधी सांगितलं असतं तर म्हणे तपासणी खरी झाली नसती.

खोटं कशाला बोलू, तिचं बरंचसं बरोबर होतं. बाथरूममध्ये कपडे अडकवायला खुंटी नाही. खोलीतला दिवा बंद करायला बिछान्यातून उठावं लागतं. रस्त्यावरची पाटी झावळ्यांत लपते. रोज डोळ्यांसमोर असून आम्हाला दिसलं नव्हतं. मी मान डोलावत ऐकत होते. मग त्याने तिसरं पान वाचलं. 'तिसऱ्या दिवशी न्याहारीला आदल्या दिवशीचे मासे वाढण्यात आले. ही गंभीर बाब आहे. स्वयंपाकघर प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवावे.'

आईचं नाव घेऊन तिने माझ्या भांड्यात हात घातला आणि बाहेर जाऊन त्यालाच नावं ठेवली. पण ती परकी, तिला कोण सांगणार? हा तर त्याच भांड्यावर वाढला. शाळेत जाताना पेज आणि कालचं तिखलं मिळालं नाही तर हातपाय आपटायचा.

"तू तिका कायच सांगूक नाय?" मी विचारलं.

कागदावरची नजर न काढता तो म्हणाला, "काकी, ता तिऱ्हाईताचा मत आसा. मी मधी बोललंय तर ता तसा ऱ्हवात काय?"

"पण तुका म्हायत आसा मा?"

त्याने अहवालाची घडी घातली. मग सांगितलं की मालवणात शिकलेला सत्यवान नावाचा आचारी एक तारखेपासून येतोय, तू खूप राबलीस, आता विश्रांती घे. जणू मीच अर्ज केला होता. पोटच्या पोराने केलं असतं तर याहून जास्त लागलं असतं का, ठाऊक नाही. मला पोटचं म्हणावं असा हाच एक होता.

महिनाअखेरपर्यंत मी रांधलं. शेवटच्या दिवशी सकाळी खोल्या रिकाम्या होत्या. जितेंद्र उठून सरळ चुलीशी आला आणि लहानपणी बसायचा तसा भिंतीला टेकून पाटावर बसला.

"काकी, कालचा तिखला आसा मा? पेज घाल."

भांडं चुलीवरच होतं, वास घरभर सुटला होता. मी त्यावर झाकण ठेवलं. टेबलावर पाहुण्यांची काचेची ताटली मांडली, शेजारी चमचा आणि घडी घातलेला कागदी रुमाल ठेवला आणि तव्यावरचे दोन घावने काढून वाढले.

"थंय टेबलार बस," मी म्हटलं. "तुका ताजा वाढलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठून टेबलाशी जाऊन बसला, पण घावन्याला त्याने हात लावला नाही. मी खाली बसून पेज घेतली आणि कालचं तिखलं एकटीनेच खाल्लं. चव काही कळली नाही.