उंबरखाचराला आमंत्रण

सानपाड्याच्या जुन्या गावठाणातली शेवटची घरे आणि आमच्या सोसायटीची मागची भिंत यांच्यामध्ये एक मोकळे मैदान आहे. गेल्या वैशाखात तेथे लग्नाचा मांडव उभा राहिला. वर यशराज गावठाणातला, आगरी घरचा. वधू प्रियदर्शिनी शेजारच्या माथाडी वसाहतीतली; तिचे आजोबा, कैलासवासी बाबासो, सातारा जिल्ह्यातून येऊन वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहत असत. दोघे एकाच शाळेत शिकले आणि पुढे त्यांनी एकमेकांना वरले. दोन्ही घरांनी आशीर्वाद दिला. मंगलाष्टके म्हणण्याचे काम माझ्याकडे आले, कारण गिरगाव सोडून येथे राहावयास आल्यापासून मी परिसरातल्या मुलांना संस्कृत शिकवीत आलो आहे.

दोन्ही घरांची हळद एकाच मांडवात व्हायची होती. त्या दिवशी सकाळी विधींचा क्रम ठरवण्यासाठी मी यशराजच्या घरी गेलो. त्याची आजी पुतळाबाई ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती. पुतळाबाई धवलारीण. लग्नात देवांना, पितरांना आणि शेताभातांना गाण्यातून आमंत्रण देणाऱ्या स्त्रीला येथे धवलारीण म्हणतात, आणि तिच्या त्या गाण्याला धवला. गावठाणातली कितीतरी लग्ने तिच्या कंठातून लागली होती. पुढे मांडवामांडवात डीजे आला आणि तिला कोणी बोलावीनासे झाले.

"आज तुमचा धवला आधी ठेवू, की हळद आधी?" मी विचारले.

तिने सुपातून मान वर केली नाही. "मी गानार नाय, मास्तर. मना कोनी बोलावलाय कुठं?"

"अहो, नातवाचे लग्न! त्याला बोलावणे कसले?"

"नातवाचा असला तरी धवलारीन आपल्या पायानी मांडवान जात नाय. पोरीकरच्या थोरल्या बाईनी तांदूल-सुपारी हातान द्याची, मंग तोंड उघराचा. आमचे घरची रीत हाय." मग ती हळूच म्हणाली, "रंगूला माझा गाना गावठी वाटत असंल. तिची नात आता इंजिनेर. एकाच नातवाचा लगीन, मास्तर. या लग्नान नाय गायले, तं मंग कवा गानार?"

मी उठलो तो थेट रंगूबाईंकडे गेलो. रंगूबाई बाबासोंच्या पत्नी, वधूची आजी. पूर्वी, वसाहतीत घर मिळेपर्यंत, हे दांपत्य पुतळाबाईच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. त्यांच्या मुलाचा जन्मही त्या खोलीतला.

माझे बोलणे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"काय बोलताय गुरुजी! पुतळाबाय आता माझी इहीण. तिला मांडवात बसवून गायला लावायचं? आमच्याकडं इहिणीला पान्याचा तांब्या उचलू देत न्हाईत. उद्या भावकी म्हनंल, रंगीनं इहीण राबवली!"

"निदान विचारावयाचे तरी."

"इचारलं म्हंजी सांगितल्यागतच झालं की! माझ्या मनात लई हुतं वो. पर तिचा मान ठेवायचा म्हनून गप ऱ्हायले."

एकीने मानाची वाट पाहिली होती आणि दुसरीने मानापायीच तोंड मिटून घेतले होते. पुतळाबाईच्या घरची रीत मी रंगूबाईंना सांगितली. लगेच डबा उघडून त्यांनी ओंजळभर तांदूळ आणि एक सुपारी पदरात बांधली.

"अवो, मग ह्ये आधी सांगायचं न्हाई व्हय! चला."

पुतळाबाईच्या ओट्याशी येताच मात्र त्यांचे पाऊल अडखळले. पदराची गाठ मुठीत धरून त्या म्हणाल्या, "पुतळाबाय, बोलवायला आलेय. पर माझ्या कपाळाला कुंकू न्हाई. माझ्या हातचं चालंल का?"

पुतळाबाईने सूप बाजूला सारले. "इतकी वरसं तुझ्या हातची भाकर चालली, रंगू. सुपारी नाय चालाची?" आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

सायंकाळी मांडव भरला. डीजेवाल्याने अदबीने माईक पुढे केला, तशी पुतळाबाई म्हणाली, "ठेव तुझा भोंगा. देवाचे कानान काय कापसाचं बोलं घातलेत?" लोक हसले, आणि त्या हसण्यातच धवला सुरू झाला.

आवाज कापरा होता, पण सूर ढळत नव्हता. तिने प्रथम गावदेवीला बोलावले, मग खाडीला, मग मिठागरांना. त्यानंतर घरच्या शेतांना एकेक करून नावाने बोलावू लागली. हे नवे शहर वसले तेव्हा ती सारी शेते त्यात गेली. आज तेथे रस्ते आहेत, इमारती आहेत, मुलांच्या शिकवण्या आहेत. धवल्यात मात्र त्यांच्यावर अजून भात उभा होता. जांभूळपट्टीला आमंत्रण गेले, खाडीकाठच्या थोरल्या खाराला गेले. आणि पुढचे नाव आठवेना.

पुतळाबाईने तीच ओळ पुन्हा घेतली आणि ती पुन्हा तेथेच थांबली. तिचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला, तो मी डोळ्यांनीच थांबवला.

तेवढ्यात हळदीच्या परातीजवळून, काहीशा जाड सातारी आवाजात, पुढची ओळ उठली. उंबरखाचराला आमंत्रण. रंगूबाई गात होत्या.

पुतळाबाई वळून पाहू लागली. "तुला गो कसा येतो?"

"न येऊन सांगतीय कुनाला? सांजच्याला चुलीम्होरं बसून रोज गात हुतीस. मधी भिंत हुती का ती? पत्रा हुता नुसता!"

पुतळाबाईच्या चेहऱ्यावर हसू पसरले. तिने उंबरखाचराची ओळ पुन्हा घेतली आणि गातागाताच हात उचलून मागच्या भिंतीपलीकडे दाखवला. तेथे आमची इमारत उभी होती. दिव्यांनी उजळलेल्या त्या खिडक्यांत माझीही खिडकी होती. आपण कोणाच्या शेतावर राहतो, हे इतकी वर्षे मी कधी विचारले नव्हते.

आता दोघी मिळून गाऊ लागल्या. शेते संपली, पितरांची नावे आली. वराकडच्या साऱ्या पितरांना बोलावून झाले आणि आता गाणे संपणार असे वाटले, तोच रंगूबाई गप्प झाल्या. कारण पुढची ओळ त्यांनी पत्र्याआडून कधी ऐकलेलीच नव्हती. पुतळाबाई एकटी, त्याच चालीत, बाबासोंना बोलावीत होती. साताऱ्याहून या, बाजारातून या, पाठीवरचे ओझे उतरवून या, नातीला हळद लागली.

रंगूबाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीने भरलेले होते, त्यांना डोळ्यांना पदरही लावता येईना. प्रियदर्शिनी पाटावरून उठली आणि तिने आपल्या ओल्या, पिवळ्या पदराने आजीचे डोळे पुसले.