राखून ठेवलेले डोळे

'सॉल्टगेट ३' या व्हिडिओ गेमची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली गेली, तेव्हा प्रितेशने एकही शिवी घातली नाही. हे नवलच. एरवी अशी बातमी आली की तो आणि त्याचा मित्र इंद्रजीत फोनवर तासभर त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. या वेळी इंद्रजीत एकटाच सुटला होता.

"वाच ना ते पत्र! म्हणे, 'आमच्या लाडक्या खेळाडूंना सर्वोत्तमच मिळायला हवं.' अरे, गेल्या महिन्यात चारशे माणसं काढली ह्यांनी, आता सर्वोत्तम काय ह्यांचा आजोबा बनवणार? पुढच्या नोव्हेंबरात म्हणे!"

"म्हणजे तेरा महिने," प्रितेश म्हणाला.

"तेरा तर तेरा. नऊ वर्षं थांबलो, अजून एक. म्हातारे थोडेच होतोय?"

इंद्रजीतला बिचाऱ्याला काय माहीत! माहीत कुणालाच नव्हतं. प्रितेश एकतीस वर्षांचा होता आणि त्याचे डोळे चालले होते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान. नजर अशी कडेकडून मिटत येणार. आधी अंधारातलं जाईल, मग बाजूचं. औषध नाही. कधीपर्यंत, ते सांगता येत नाही. कुणाची दहा वर्षं टिकते, कुणाची दोन.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? रडावं, आईला सांगावं, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. या पठ्ठ्याने यातलं काही केलं नाही. त्याने गेम खेळायचे सोडले. सगळे सोडले, एकासाठी. कोळ्याचं पोर ते, चांगलं पापलेट गिऱ्हाईक येईपर्यंत बर्फात ठेवायचं, एवढं त्याला जन्मापासून ठाऊक. त्याने डोळे बर्फात ठेवले. "वापरल्याने झिजत नाहीत आणि न वापरल्याने साठत नाहीत," असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, पण ऐकतो कोण!

'सॉल्टगेट'च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी बुडालेल्या शहराचं दार उघडलं होतं, आणि तिथेच गेम संपला होता. आत काय आहे? नऊ वर्षं तो हेच मनात घोळवत होता. ते शहर त्याला बघायचं होतं. दुसऱ्याने सांगितलेलं नको, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तेरा महिने इंद्रजीत बातम्या पुरवत राहिला. जुन्याच गेमला नवा रंग फासून दुप्पट भावाने विकतायत. ज्याच्या ट्रेलरवर आपण नाचलो तो निघाला बोलाचीच कढी, दोन आठवड्यांत सर्व्हर बंद! "पण एक झकास आलाय रे, चार पोरांनी मिळून बनवलेला. काय समुद्र दाखवलाय! खेळच." प्रितेश म्हणायचा, खेळतो. खेळला नाही. तेव्हा खेळला असता तर तो समुद्र त्याला दिसला असता, अगदी तळापर्यंत.

दरम्यान त्याने बाइक विकली. पेट्रोल परवडत नाही म्हणाला. ऑफिसातून परतताना खांदा कॉलनीतल्या कंपाउंडच्या भिंतींना हात लावत घर गाठू लागला. घरात पेले पडायला लागले. त्याची आई गुणाबाई तीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकत आलेली, तोंडाची फटकळ. "डोले हायत का बटनं?" ती ओरडायची. "सगला दिस त्या मोबाइलमंदी!" प्रितेश हसायचा. हसला की ती पुढे काही विचारायची नाही.

नोव्हेंबर आला आणि काय आश्चर्य, तारीख हलली नाही. शनिवारभर गेम उतरत होता. वर पहिल्याच दिवशी दुरुस्तीची भलीमोठी फाइल. रविवारी दुपारी तीन वाजता प्रितेशने पडदे ओढले, टीव्हीसमोर मांडी घातली. गुणाबाई बाजारातून येऊन, चहा घेऊन पलंगावर टेकली होती.

सुरू होण्याआधी गेम विचारतात तेच यानेही विचारलं. काळा पडदा, खाली उजेड कमी-जास्त करायची पट्टी, मधोमध सूचना: 'डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतपत उजेड ठेवा.' आजवर शेकडो वेळा त्याने हे न वाचताच उरकलं होतं.

त्याने उजेड थोडा वाढवला. चिन्ह नाही. मान डावीकडे वळवून बघितलं. नाही. आणखी वाढवला. मग पट्टी पार टोकाला नेली.

काळंच.

मोडकाच गेम विकला मेल्यांनी, त्याच्या मनात आलं, आणि त्याला चक्क बरं वाटलं. पहिल्या दिवशी काहीतरी मोडलेलं असतंच. आठवड्याभरात दुरुस्त करतील. नाहीतर केबल सैल असेल.

"आये, टीव्हीवर काय दिसतंय का गं? का नुसतं कालंच?"

"कालं कुटं? नांगर हाय ना, होडीचा. यवढा लख्ख हाय."

"कुठं?"

गुणाबाई उठली. टीव्हीपाशी गेली आणि काचेवर बोट टेकवलं. "ह्यो काय!"

प्रितेशला तिचं बोट दिसलं. बोटाशी काही नव्हतं.

"कुठं गं?" त्याने पुन्हा विचारलं.

गुणाबाईने टीव्हीकडे बघितलं, मग मुलाकडे. बोट तसंच काचेवर राहिलं. पेले, बाइक, भिंतीला लागून चालणं, सगळं तिच्या एकदम ध्यानात आलं.

"बाला," ती म्हणाली, "कवापासून?"

"लय दिवस झाले, आये," प्रितेश म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मला वाटलं, पुरतील."