माणशी एक हात

घर म्हणजे एक लांबोडकी खोली आणि तिच्यात आडवा पडदा. पडद्याच्या अलीकडे थोरली जाऊ, पलीकडे धाकटी. दोन्ही भिंतींना ओळीनं खिळे ठोकलेले, आणि पडद्याची तार ह्या खिळ्यावरून त्या खिळ्यावर सरकायची. सासरे जाताना सांगून गेले होते, भांडू नका, माणशी एक हात जागा. तेव्हापासून घरात पाळणा हलला की सासूबाई कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात भिंतीला लावायच्या, खडूनं खूण करायच्या आणि तार पुढच्या खिळ्यावर न्यायच्या.

तार सरकायची ती थोरलीच्याच अंगावर. थोरलीला एक मुलगी. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. एकच पुरे, हे दोघांनी लग्नातच ठरवलेलं. धाकटीला चार. चौथ्याला सगळे शेंडेफळ म्हणायचे, आणि आता धाकटीला पुन्हा सातवा महिना लागला होता.

"शेंड्यालाच फळ धरलं गं बाई," जिन्यातल्या बायका हसायच्या.

थोरलीला हसू येत नव्हतं. पडदा आता खिडकीच्या चौकटीला टेकला होता. हातभर रुंदीची ती खिडकी, घरातली एकुलती एक. तिच्याखाली बसून थोरली कारखान्यातून आणलेल्या शर्टांची काजं करायची, काळ्या कापडावर काळा दोरा. दिव्याच्या उजेडात ते जमत नसे, दोरा कापडात बुडून जाई. पुढचं माणूस आलं की खिडकी पलीकडे जाणार होती, आणि खिडकीबरोबर हातातलं काम.

पण थोरली जळायची ती फक्त खिडकीपायी नाही. पलीकडून हसण्याचे फवारे उडायचे. भांडणं व्हायची, ती मिटायची, कुणाला तरी गुदगुल्या व्हायच्या. थोरलीची मुलगी जेवली की पडद्याखालून मांजरीसारखी सरपटत तिकडे जायची आणि चुलत भावंडांच्या ढिगात झोपायची. धाकटी गुणगुणायची,

नीज रे पाखरा, नीज आता लौकर,
तुझ्या उशापाशी जागा उरली चिमूटभर.

ते ऐकताना थोरलीला वाटे, चिमूटभर जागेत केवढं सुख मावतं हिच्या! माझ्याकडे जागा आहे, तर तिच्यात वारासुद्धा थांबत नाही.

एका सकाळी सासूबाई खडू घेऊन उठल्या. "मूल यायच्या आधीच खूण करून ठेवते. मग बाळंतपणाच्या गडबडीत कोण बघतंय?"

"आई, त्यानं अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत, आणि आत्ताच खिडकी हवी का त्याला?"

"उघडेल तेव्हा उजेड नको का?" सासूबाईंनी भिंतीला हात लावला. खडू चौकटीच्या पार पलीकडे टेकला. थोरलीच्या दातांत टाचण्या होत्या. त्या तिनं तळहातावर काढल्या, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"मग माझीही खूण करा. मलाही दिवस गेलेत."

नवरा दीड महिन्यापूर्वीच येऊन गेला होता. अविश्वासाचं कारण नव्हतं. सासूबाईंनी पदरानं खडूची खूण पुसली, तोंडभर हसल्या. "अगं, मग बरोबरी झाली! पडदा जागच्या जागी."

त्या दिवसापासून थोरलीचे लाड सुरू झाले. दुधाचा पेला तिच्याकडे आधी यायचा. नळावरच्या रांगेत तिची घागर पुढे जायची, आणि त्या रांगेत पुढे जाणं म्हणजे काय, हे तिथं पहाटेपासून उभं राहणाऱ्यांनाच ठाऊक. धाकटीची पोरं येऊन तिच्या पोटाला कान लावायची. "काकू, आत काय करतोय तो?" ती म्हणायची, "झोपलाय." धाकटीला आजवर मिळालेलं सगळं आपल्याकडे वळतंय, या विचारानं तिला आतून गोड गोड वाटायचं. त्या गोडीची लाजही वाटायची, पण खिडकीतून ऊन आलं की लाज विरून जायची.

मग एक दिवस दुपारी ती काजं करत बसली असताना पलीकडून दिराचा आवाज आला.

"ऑपरेशन राहू दे या खेपेला."

"असं कसं?" ही धाकटी. "बाळंतपणातच उरकायचं ठरलंय ना? डॉक्टरीणबाईंना सांगूनही झालं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता तिकडेही वाढायला लागले. उद्या पडदा आपल्या अंगावर आला तर? अजून एक हाताशी असलेलं बरं."

सासूबाईंनी त्याचीच री ओढली. "मी सात जन्माला घातली, दोन हाताला लागली. किती असली तरी पुरतात का?"

"आई, ही सगळी जगतात आता," धाकटी म्हणाली. "तेच तर."

थोरलीची सुई बोटात गेली.

थोड्या वेळानं पडदा हलला आणि धाकटी अलीकडे आली. तिला खाली बसायलाच किती वेळ लागला. बसल्या बसल्या तिनं मोकळ्या फरशीवर पाय सरळ सोडले आणि डोळे मिटून घेतले.

"ताई, मळमळतं का हो तुम्हाला?"

"मळमळतं ना. सकाळी फार."

"सकाळी तर तुम्ही टाचण्या दातांत धरून बसलेल्या असता." धाकटीनं डोळे उघडले नव्हते. "चार झालीत मला. पोटात ढवळत असताना दातांत टाचणी धरणारी बाई मी पाहिली नाही."

थोरली उसळून म्हणाली, "तुला काय कमी आहे गं? जागा तुझी, हसणं-खिदळणं तुझं, माझी पोरगीसुद्धा तुझीच झाली. एक खिडकी मी धरून ठेवली तर तीही डोळ्यांत खुपली?"

"खिडकी मागितली कुणी? मी फटीतून तुम्हाला बघते, ताई. पाय लांब करून झोपता, कूस बदलता. मला कूस बदलायची तर चौघांना उठवावं लागतं. इतकी जळते मी तुमच्यावर."

"मग घातलीस कशाला एवढी?"

"मला कुणी विचारलं? पहिल्या दोघी मुली, म्हणून मुलगा हवा. मुलगा झाला, तर एकट्याला जोड हवी. जोड झाली, तर जागा वाढते ना, मग अजून एक." ती हसली, पण हसताना श्वास पुरला नाही. "मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुमचं हे खोटं माझ्या पोटात वाढेल, एवढं लक्षात असू द्या."

ती गेली. थोरलीला तिचा रागच आला. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी दुधाचा पेला पुढे केला. थोरलीनं तो घेतला नाही.

"आई, माझ्या पोटात काही नाही."

सासूबाईंचा हात थबकला. आवाज एकदम मऊ झाला. "गेलं का गं?"

हो म्हटलं असतं, तर चार दिवस माया मिळाली असती आणि कुणी बोट दाखवलं नसतं.

"गेलं नाही. नव्हतंच."

"वा, वहिनी!" दिरानं हातातला घास ताटात टाकला. "खिडकीसाठी एवढं नाटक?"

"हातभर जागेसाठी पोटाचं खोटं बोललीस?" सासूबाईंनी पेला खाली ठेवला.

"या घरात हातभर जागा पोटानंच मिळते, आई. मी दुसरं काय दाखवणार होते?" मग ती दिराकडे वळली. "भावजी, खिडकी घ्या. आत्ता, आजच तार हलवा. तुमच्या अंगावर पडदा कधी येणार नाही, मी एकीवरच थांबलेय. आता सांगा, सहावं कशासाठी हवं तुम्हाला?"

दीर आईकडे बघू लागला, आई दुधाकडे. तेवढ्यात धाकटीनं पेला उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन टाकला.

"ठरल्याप्रमाणे होईल माझं ऑपरेशन," ती म्हणाली.

धाकटीला मुलगी झाली. खिडकी पलीकडे गेली. थोरली जिन्याच्या वळणावर, गजांमधून उजेड येतो तिथं काजं करू लागली. पण तो उजेड हेरलेली ती काही एकटी नव्हती. शाळेच्या तिसऱ्या पाळीची पोरं तिथं अभ्यासाला बसायची, म्हातारे पेपर वाचायचे, आणि वर चढणारा प्रत्येक जण कापडावर पाय देऊन जायचा. काजं निम्म्यावर आली.

धाकटी ऑपरेशन उरकून दवाखान्यातून आली त्या दुपारी थोरली दोरा घ्यायला वर गेली. पडदा अर्धा उघडा होता. खिडकीखाली धाकटी झोपली होती. एक पोर तिच्या पायावर, एक पोटऱ्यांना टेकून, शेंडेफळ डोक्याशी रडतंय, तान्ही कुशीत. धाकटी मात्र तोंड उघडं टाकून, कपाळावर एक आठी नाही, अशी गाढ झोपलेली. आता पुन्हा कधी नाही, हे कळलेल्या बाईची झोप होती ती.

थोरली दोऱ्याचं रीळ हातात घेऊन बघत राहिली. अशी झोप तिला मोकळ्या फरशीवरही कधी लागली नव्हती. तिच्या पोटात हेव्याची कळ उठली, पहिल्यासारखीच, सणसणीत. तिनं रडणाऱ्या शेंडेफळाला उचलून कडेवर घेतलं.

"गप रे," ती कुजबुजली. "उठेल ती."